ओळख ना पाळख

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. नानकरामगुड्याच्या ऑफिसातून कॅब सुटली आणि फोनवर एक मेल आला. विषय : 'रिक्वेस्ट फॉर रेफरल, अर्जंट'. लिहिणारा मुलगा नांदेड जिल्ह्यातला. मी ज्या कॉलेजातून बी.कॉम. झालो, त्याच कॉलेजातून तो माझ्यानंतर बावीस वर्षांनी झाला. आता तो हैदराबादेत एका खासगी संस्थेत एमबीए करतोय, विषय फायनान्स. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत हैदराबादचा पत्ता असलेला मी त्याला सापडलो.

मेल इंग्रजीत होता, म्हणजे अर्जाच्या इंग्रजीत. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात. पहिल्या परिच्छेदात आपण कष्टाळू, प्रामाणिक आणि लवकर शिकणारे आहोत, असं स्वतःच दिलेलं प्रशस्तिपत्र. दुसऱ्यात दहावीपासूनचे टक्के, दशांश चिन्हासकट. तिसऱ्यात वडिलांची चार एकर कोरडवाहू आणि बहिणीचं ठरलेलं लग्न. चौथ्यात 'आपल्या नामांकित संस्थेत' कुठलीही जागा चालेल, ही विनंती. सोबत सीव्ही. त्यात धर्म, वैवाहिक स्थिती, आणि तळाशी वरील मजकूर खरा असल्याची प्रतिज्ञा. असे मेल मला आठवड्याला चार-पाच येतात. मी बंद करणारच होतो, तेवढ्यात सहीच्याही खाली, आठवण झाली म्हणून टाकल्यासारखी एक ओळ दिसली : सर, तुमच्या प्रोफाइलवर फंड अकाउंटिंग लिहिलंय, ते म्हणजेच इन्व्हेस्टमेंट बँकिंग का? आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, एकच.

एकच नाही. त्या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते न कळल्यामुळे वर्षं फुकट घालवलेली पोरं मी पाहिलीत. त्या मुलाचं खरं पत्र ती शेवटची ओळ होती. वरचे चार परिच्छेद ही आपण त्याला शिकवलेली रीत.

नोकरी मिळवायच्या दोनच तऱ्हा आपल्या घरांत ठाऊक असतात. एक अर्ज, एक वशिला. अर्ज अनोळखी साहेबाला करायचा, त्यात आपलं सगळं सांगायचं आणि त्याला काहीही विचारायचं नाही. वशिला ओळखीच्याकडे लावायचा, त्यात काही सांगायचंही नाही आणि विचारायचंही नाही, नुसतं 'तेवढं बघा' म्हणायचं. परक्या माणसाला एखादी नेमकी गोष्ट विचारावी, त्यानं सांगितली तर घ्यावी, नाही सांगितली तर राग मानू नये, ही तऱ्हा आपल्या अंगवळणी नाही. ती चिकटपणाची वाटते, पुढे पुढे करण्याची वाटते. आपल्या भाषेतच म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. पण ती म्हण आपण दुसऱ्याला ऐकवतो.

घरी आलो तेव्हा अण्णा जागे होते. वय सत्त्याहत्तर, झोप कमी. मी जेवायला बसलो तसे समोर येऊन बसले. त्यांना त्या मेलचं सांगितलं.

"तुझा कोण लागतो तो?"

"कुणी नाही. आमच्या कॉलेजचा आहे."

"मग तुला कशाला लिहिलं त्यानं? परीक्षा द्यावी. आम्ही काय कुणाच्या ओळखीनं लागलो का?"

अण्णा १९७४ साली स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये कारकून म्हणून लागले. ही बँक १९४१ साली निजामाच्या राज्यात सुरू झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घराला एकेकाळी ती बँक म्हणजे पंढरी होती. परीक्षा देऊन लागलो, हा अण्णांचा आयुष्याचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. मी सहज विचारलं, "अण्णा, जाहिरात निघाल्याचं तुम्हाला परभणीत कसं कळलं होतं?"

"काचीगुड्याच्या काकानं कळवलं होतं की. फॉर्म पण त्यानंच आणून ठेवला होता."

मग हळूहळू सगळं निघालं. अण्णा मीटरगेजच्या गाडीनं हैदराबादेत काचीगुड्याला उतरले, ते काकांच्याच घरी. काकांच्या शेजारी बँकेतला एक मुलगा राहायचा, त्याला विचारून काकांनी मागच्या पेपरात काय आलं होतं ते लिहून ठेवलं होतं. मुलाखतीला इंग्रजीत काय विचारतात, साहेब तेलुगू असला तर कसं बोलायचं, चप्पल घालून जायचं नाही, हेही काकांनीच सांगितलं. महिनाभर काकूंनी जेवू घातलं.

"मग ओळख होतीच की."

"ती ओळख नव्हे," अण्णा म्हणाले. "ते घरचं होतं."

मला वाटतं, सगळा घोळ या एका वाक्यात आहे. घरून आलेली मदत आपण मदतीच्या खात्यावर मांडतच नाही. ती हवेसारखी असते. काकांनी अण्णांना नोकरी लावली नाही, पेपर अण्णांनीच सोडवला. पण कुठल्या दारावर, कधी, कसं उभं राहायचं, हे ज्ञान काकांचं होतं. ज्याला काचीगुड्यात काका नाहीत त्यानं काय करायचं? तर त्यानं ओळख ना पाळख असलेल्या माणसाला मेल लिहायचा. माजी विद्यार्थ्याला पाठवलेला मेल हा वशिल्याचा धाकटा भाऊ आहे, असं बऱ्याच सज्जनांना वाटतं. माझ्या मते घरच्यांनी फुकट पुरवलेल्या माहितीची किंमत जे कधी मोजत नाहीत, त्यांनाच तसं वाटू शकतं.

वित्तक्षेत्रात ही माहिती इतर कुठल्याही धंद्यापेक्षा जास्त लागते. सरकारी बँकेच्या परीक्षेचा अभ्यासक्रम छापलेला असतो. काचीगुड्याच्या काकांचं निम्मं काम आता कुठलीही क्लासची वेबसाइट करते. खासगी वित्तकंपन्यांच्या नोकऱ्यांना असा अभ्यासक्रम नाही. आणि हैदराबादेत तर नावांचाच घोटाळा आहे. डी. ई. शॉ ही अमेरिकी कंपनी इथं १९९६ सालीच आली. नंतर वेल्स फार्गो, बँक ऑफ अमेरिका, जेपी मॉर्गन, स्टेट स्ट्रीट आल्या. गोल्डमन सॅक्सनं २०२१ साली इथं ऑफिस उघडलं. गच्चीबावली ते नानकरामगुडा या पट्ट्याला सरकारनंच फायनान्शियल डिस्ट्रिक्ट म्हटलंय. विमा क्षेत्राचं नियमन करणारं प्राधिकरणही तिथंच बसतं. काचेच्या इमारतींवर न्यूयॉर्कची नावं आहेत, म्हणून आत न्यूयॉर्कचीच कामं चालत असतील असं खेड्यातून आलेल्या पोराला वाटलं तर त्याचा दोष नाही.

आत काय चालतं, हे माझ्यापुरतं सांगतो. अमेरिकेतला शेअर बाजार तिथल्या दुपारी चारला बंद होतो. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात अडीच. त्यानंतर एकेका म्युच्युअल फंडाकडे असलेल्या प्रत्येक शेअरला, प्रत्येक रोख्याला त्या दिवसाचा भाव लावायचा, आलेला लाभांश आणि व्याज धरायचं, खर्च वजा करायचा, उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येनं भागायचं. निघाली एनएव्ही. ती ठरल्या वेळेत आणि बिनचूक गेली पाहिजे. एखादा भाव चुकला, एखाद्या शेअरचं विभाजन नोंदायचं राहिलं, की सगळं पुन्हा. हे फंड अकाउंटिंग. कोणती कंपनी कोणाला विकत घेणार, किती किमतीला, भांडवल कुठून उभारायचं, हे इन्व्हेस्टमेंट बँकिंग. पहिल्या कामात हिशेबाची शिस्त लागते, दुसऱ्यात मूल्यांकन आणि गिऱ्हाईक सांभाळण्याची कला. पहिल्यातून दुसऱ्यात जाणं अशक्य नाही, पण तीन-चार वर्षं झाली की फार अवघड होतं. आणि दोन्हीकडच्या नवख्याच्या ऑफर लेटरवर पदाचं नाव एकच : अॅनालिस्ट.

हा फरक जाहिरातीत नसतो. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला तो सांगण्यात रस नसतो, कारण माहितीपत्रकावर न्यूयॉर्कच्या बँकेचा लोगो छापायला मिळाला की त्यांचं काम झालं. शिकवणाऱ्या सरांनी बहुधा ती इमारत आतून पाहिलेली नसते. खरं सांगू शकतो तो आत बसलेला, आणि त्यातही ज्याला खोटं सांगून काही मिळायचं नाही असा माणूस. तो माणूस म्हणजे आपल्या कॉलेजचा सीनियर.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली 'दुबळ्या धाग्यांचं बळ' असा अर्थ होणाऱ्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं : ज्याच्याकडून नोकरीचं कळलं, तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळलेले जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले ५५ टक्क्यांवर, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेट होणाऱ्याकडून कळलेले जवळपास २८ टक्के. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. नवी बातमी दूरचाच आणतो. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यानं यात थोडी दुरुस्ती केली : अगदीच तुटक धागा तितका कामाचा नाही, मध्यम सैल धागा सर्वांत कामाचा. आपल्याच कॉलेजचा, पण कधी न भेटलेला माणूस या मापात बरोबर बसतो. पूर्ण परका नाही, घरचाही नाही.

आता विरोधी बाजू. ती हैदराबादेतच उभी आहे, गच्चीबावलीत, भल्यामोठ्या हिरव्या आवारात.

इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचं उद्घाटन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते डिसेंबर २००१ मध्ये झालं. ती संस्था उभारण्यात पुढाकार होता मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतल्या दोघांचा, रजत गुप्ता आणि अनिल कुमार. यातले अनिल कुमार आणि न्यूयॉर्कचा हेज फंडवाला राज राजरत्नम हे व्हॉर्टनमधले १९८३च्या बॅचचे वर्गमित्र. पुढे या वर्गमैत्रीतून पैशाच्या बदल्यात मॅकिन्झीच्या गिऱ्हाइकांची गुपितं राजरत्नमकडे जाऊ लागली. कुमार यांनी जानेवारी २०१० मध्ये गुन्हा कबूल केला आणि साक्ष दिली. राजरत्नमला ११ वर्षांची शिक्षा झाली. रजत गुप्ता गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळावर होते. सप्टेंबर २००८ मध्ये वॉरन बफे यांची कंपनी गोल्डमनमध्ये पाच अब्ज डॉलर घालणार हे मंडळाच्या बैठकीत फोनवर कळलं, आणि बैठक संपताच काही सेकंदांत गुप्ता यांच्याकडून राजरत्नमला फोन गेला. २०१२ साली ज्युरीनं त्यांना दोषी ठरवलं, दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. यात गच्चीबावलीच्या संस्थेचा काही दोष नाही. पण ओळखीचा चोर जीवे न सोडी, ही म्हण व्हॉर्टनपर्यंत पोचते एवढं खरं.

हे अपवादात्मक उदाहरण म्हणून सोडून देता येत नाही. लॉरेन कोहेन, आंद्रेया फ्राझिनी आणि ख्रिस्तोफर मलॉय या तिघांनी २००८ साली दाखवून दिलं की अमेरिकी फंड व्यवस्थापक ज्या कंपनीच्या संचालकांत आपल्याच विद्यापीठाचे लोक आहेत तिच्यावर मोठी रक्कम लावतात, आणि त्या गुंतवणुकीवर त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त परतावा मिळतो. पुढच्या एका अभ्यासात त्यांनी शेअरबाजाराच्या विश्लेषकांकडे पाहिलं. तिथंही आपल्या विद्यापीठाच्या माणसांच्या कंपन्यांच्या शेअरबद्दलच्या शिफारशी सरस निघत. मात्र २००० साली निवडक लोकांच्याच कानात माहिती सांगायला अमेरिकी नियामकानं बंदी घातली आणि हा सरसपणा जवळपास नाहीसा झाला. म्हणजे कॉलेजच्या नात्यातून जे वाहत होतं ती अक्कल नव्हती, कुजबुज होती.

तेव्हा ज्यांना 'नेटवर्किंग' या शब्दाचीच शिसारी येते त्यांना मी वेड्यात काढणार नाही. पण रेघ कुठं मारायची ते याच प्रकरणातून कळतं. तुमची कंपनी उद्या काय करणार, हे विचारणं गुन्हा. तुम्ही रोज काय करता, हे विचारणं शिक्षण. पहिली माहिती जितक्या कमी लोकांना तितकी तिची किंमत जास्त. दुसरी शंभर पोरांना सांगितली तरी माझं काही कमी होत नाही. रेफरल या दोहोंच्या मधे कुठंतरी लोंबकळतं. बाहेर त्याला उपकार समजतात. आत तो एक फॉर्म असतो. जॉब आयडी टाकायचा, सीव्ही चढवायचा, उमेदवाराशी नातं काय ते लिहायचं, आणि बऱ्याच कंपन्यांत तो लागला व काही महिने टिकला की रेफर करणाऱ्याला बोनस. नांदेडच्या मुलाला हे माहीत असतं तर त्यानं माझ्यापुढे इतके हात जोडले नसते. त्यात माझाही फायदा होता.

दुसरी शंका मला जास्त टोचते. हा मेल लिहिता येतो कुणाला? आणि उत्तर मिळतं कुणाला?

इथं एका पत्राची गोष्ट सांगायलाच हवी. विषय अर्थशास्त्राचाच आहे. कोलंबिया विद्यापीठातले सार्वजनिक वित्ताचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना आपल्या एका विद्यार्थ्याची शिफारस करणारं पत्र लिहिलं. फॉक्सवेल यांनी ती गोष्ट संस्थेच्या सचिवांना कळवली आणि या विद्यार्थ्यानं आता इथं जिंकावं असं फारसं काही उरलेलंच नाही, अशा अर्थाचा कौतुकाचा शेराही मारला. विद्यार्थी होते भीमराव रामजी आंबेडकर. एका प्राध्यापकाच्या चार ओळींनी अटलांटिकपलीकडचं दार उघडलं. त्यात कुणी कुणाचा नातेवाईक नव्हता.

आणि मुंबईत? बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेब परतले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. मुंबईला येऊन त्यांनी शेअर आणि रोख्यांबाबत सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेले असे सल्लागार तेव्हाच्या मुंबईत किती होते? सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली, पेढी बंद पडली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, तिच्यामागे लंडनमधल्या परिचयाचे, मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचा शब्द होता. पाच वर्षांनी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला. मुंबईच्या शेअरवाल्यांनी कुणाचा सल्ला नाकारला होता, हे त्यातून कळायला हवं होतं.

म्हणजे पत्र दार उघडतं, पण पत्र वाचणारा आधी आडनाव वाचतो. हे जुनं झालं म्हणावं, तर सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७चा अभ्यास आड येतो. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं प्रमाण ०.६७ भरलं आणि मुस्लिम नावाला ०.३३. तो प्रयोग छापील जाहिरातींवरचा होता. मेलमध्ये तर 'फ्रॉम'च्या रकान्यात पहिलं काही दिसत असेल तर आडनावच. मी स्वतः ते वाचत नाही असं छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आणि अण्णांच्या काचीगुड्याच्या काकांकडे तरी महिनाभर कोण उतरू शकत होतं? आमच्याच जातीचं पोर. 'घरचं' या शब्दाचं कुंपण तिथवरच होतं.

याच कारणानं कॉलेजच्या नात्याला माझ्या लेखी मोल आहे. आपल्याकडे जी नाती जातीच्या बाहेर जाऊ शकतात त्यांत एका वर्गात, एकाच गळक्या छपराखाली बसण्याचं नातं येतं. ते नातं नुसतं असून चालत नाही, वापरावं लागतं. बड्या संस्थांची मुलं ते वापरतातच. लॉरेन रिव्हेरा यांनी 'पेडिग्री' या २०१५च्या पुस्तकात दाखवलंय की अमेरिकेतल्या बड्या इन्व्हेस्टमेंट बँका ठरावीक विद्यापीठांच्या बाहेरचे अर्ज बहुधा उघडतही नाहीत, आतल्या कुणी बोट दाखवलं तरच. बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमधून सत्या नाडेला, शांतनू नारायण आणि जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा बाहेर पडले. तिथल्या पोराला मोठ्या माणसाशी कसं बोलायचं हे शिकवावं लागत असेल असं मला वाटत नाही. नांदेडच्या कॉलेजातल्या पोराला शिकवावं लागतं, आणि शिकवत कुणी नाही. एमबीएच्या दोन वर्षांत बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर असतो. त्यात त्यांना मेमो लिहायला शिकवतात. गेल्या वीस वर्षांत मी एकही मेमो लिहिलेला नाही.

काय शिकवावं? फार थोडं आहे. विषयात कॉलेजचं नाव आणि काम, 'अर्जंट' नको, कारण घाई त्याची आहे, माझी नाही. पहिल्या ओळीत मी तुमच्याच कॉलेजचा, अमुक वर्षाचा. दुसरीत तुमचा पत्ता कुठून मिळाला. मग प्रश्न, एक किंवा फार तर दोन, आणि असा की ज्याचं उत्तर गूगलवर नाही. शेवटी, फोनवर पंधरा मिनिटं बोलता येईल का, नाहीतर दोन ओळी लिहिल्या तरी चालेल. सीव्ही मागितल्यावर. गरिबी सांगायची नाही. ती खोटी असते म्हणून नव्हे, ती वाचली की वाचणारा प्रश्न सोडून दयेकडे वळतो, आणि दया आली की माणूस मेल 'उद्या बघू' म्हणून ठेवून देतो. आठ-दहा दिवस उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, मग नाही. आणि काही मदत झाली असेल तर पुढे काय झालं ते कळवायचं. हे शेवटचं शंभरात दोघं करतात. मला लिहून पुढे नोकरीला लागलेली किती मुलं आहेत हे मला केवळ लिंक्डइनच्या अभिनंदनांतून कळतं.

अलीकडे नवीनच त्रास सुरू झालाय. चॅटजीपीटीनं लिहिलेले मेल येतात. इंग्रजी धुतल्या तांदळासारखं, माझ्या 'प्रेरणादायी प्रवासा'नं लिहिणारा भारावून गेलेला. माझा प्रवास नानकरामगुडा ते मलकपेट एवढाच आहे, आणि त्यात प्रेरणा घेण्यासारखं ट्रॅफिक सोडून काही नाही. असे मेल मी वाचून सोडून देतो. मोडक्या इंग्रजीतल्या खऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटतं. मराठीत लिहिलं तरी चालेल की, आम्ही दोघं एकाच गोदाकाठचे. पण मराठीत लिहिलं तर साहेब आपल्याला गावंढळ समजेल, ही भीती त्या मुलांत कुणी घातली?

हे सगळं मुलांना सांगून झालं, तरी मला खरा दोषी मेल घेणारा वाटतो. उत्तर न देण्याला आमच्यात 'बिझी' म्हणतात. दर आठवड्याचे चार-पाच मेल, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी तास भरत नाही. तेवढा वेळ आम्ही कॅबची वाट बघत घालवतो. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात पंधरा हजारांची देणगी जाहीर करून ट्रॉफी घेणारे, फोटो टाकणारे आमचे लोक आहेत. त्या ट्रॉफीवाल्यांतला मीही एक. त्यातल्या कितीजणांनी मागच्या वर्षी एखाद्या अनोळखी पोराला आपलं काम समजावून सांगितलं, हे विचारायची सोय मेळाव्यात नसते. इथल्या मराठी माणसांना तर याचा विसर पडायला नको होता. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादेत विवेक वर्धिनी ही शाळा सुरू केली, तेव्हा परमुलखातल्या मराठी पोरांना आपल्या भाषेत वाट दाखवणारं कुणीतरी हवं, हीच निकड होती. ती पोरं काही त्यांच्या नात्यातली नव्हती.

त्या मुलाला मी त्याच रात्री उत्तर लिहिलं, फक्त शेवटच्या ओळीचं. बारा-पंधरा ओळी झाल्या. सीव्हीतून धर्म आणि प्रतिज्ञा काढून टाक, एवढं ताजा कलम म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याचा मेल आला, या वेळी मराठीत, रोमन लिपीत. त्याच्याकडे एक ऑफर आली होती, पद अॅनालिस्ट, काम रात्रपाळीचं, दोन वर्षांचा बाँड. हे फंड अकाउंटिंगच ना सर? आणि त्यात कंटाळा येतो का?

रविवारी अण्णांनी आपणहून विषय काढला. "लागला का तो पोरगा?"

"त्याला ऑफर आहे. घ्यावी की नको विचारतोय."

"काम काय आहे?"

मी एनएव्ही म्हणजे काय ते सांगितलं. भाव लावायचे, खर्च वजा, भागाकार, आणि रात्रीतच जुळवायचं. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचं बॅलन्सिंगच की. शुक्रवारी लेजर जुळायचं नाही. चोपन्न पैशांचा फरक. सगळी ब्रँच बसून. रात्री बाराला सापडायचा, कुणीतरी एकाहत्तरचे सतरा लिहिलेले असायचे." ते हसले. "एकाहत्तरातून सतरा गेले तर चोपन्न. फरकाला नवानं भाग जातो का बघायचं. गेला तर आकडे उलटे पडलेत. हे त्याला कुणी सांगितलंय का?"

"नसेल सांगितलं."

"मग लिही त्याला. आणि म्हणावं, कंटाळा येतो. पण फरक सापडला की त्या रात्री झोप फार छान लागते."

मी फोन काढला आणि ते सांगत गेले तसं टाइप करत गेलो. चोपन्न पैशांपाशी त्यांनी मला थांबवलं. ती गोष्ट शुक्रवारची नव्हती, शनिवारची होती, म्हणून आधी ते दुरुस्त करून घेतलं.